जीपचे बॉनेट उंच का झाले?

गेल्या वर्षी पाडव्याच्या दुपारी मामांच्या मळ्यात आम्ही सारे पडवीत बसलो होतो. ताटातल्या चकल्या संपल्या होत्या, अनारसे तसेच पडून होते आणि वाद रंगात आला होता. तो वाटणीवरून नव्हता की निवडणुकीवरूनही नव्हता. अंगणापलीकडे लिंबाखाली उभ्या असलेल्या एका जुन्या जीपवरून होता.

जीप मामांची. मामा जाऊन आता नऊ वर्षे झाली. जामखेडपासून दोन कोसांवरच्या या मळ्यात ती इतकी वर्षे उभी आहे की कोंबड्यांच्या कित्येक पिढ्या तिच्या मागच्या बाकाखाली उबून निघाल्या. टपाची ताडपत्री उंदरांनी फस्त केली, टायर मातीत रुतले, आणि बॉनेट उघडावे तर आत इंजिनच नाही. मामेभावाचा मुलगा चाकणला मोटारीच्या कारखान्यात कामाला आहे. आजोबांची जीप पुन्हा रस्त्यावर आणायचीच असे त्याने मनावर घेतले आहे. पगारातून उरवलेले थोडे पैसे त्याच्या हाती आहेत, पण सगळे काम एकदम होईल इतके नाहीत.

"काका, आधी इंजिन टाकू," तो मला म्हणाला. "चांगलं दमदार डिझेल. एकदा गाडी स्वतःच्या पायांनी चालायला लागली की ब्रेक, पाटे, गिअरबॉक्स हळूहळू करता येईल. दर दिवाळीला एक काम."

"हळूहळू काही होत नसतं," त्याचे वडील म्हणाले. "करायचं तर सगळं एकदम कर, नाहीतर तिला हात लावू नको."

दोघांनीही माझ्याकडे पाहिले. मी शाळामास्तर, शिक्षण मॅट्रिकपुरते, आणि फावल्या वेळात कादंबऱ्या लिहिणारा. पण खेड्यात मास्तराला सगळे समजते असा एक समज आहे आणि मास्तरालाही तो मोडवत नाही. "वाचून सांगतो," असे म्हणून मी वेळ मारून नेली. मामी उंबऱ्याशी बसून वाती वळत होत्या. त्या काहीच बोलल्या नाहीत. का बोलल्या नाहीत ते मला ठाऊक होते. ते पुढे ओघाने येईल.

वाचायला लागलो आणि थक्कच झालो. इंजिन आधी की बाकीची गाडी आधी, टप्प्याटप्प्याने की एकदम, हा आमच्या पडवीतला वाद मोठमोठ्या कारखान्यांनी घातलेला आहे, आणि त्याचा निकाल त्या लिंबाखालच्या जीपच्या अंगावरच कोरलेला आहे. दुसऱ्या महायुद्धावरच्या एखाद्या चित्रपटातली जीप आठवा. तिचे बॉनेट बसके, जवळजवळ चाकांवरच्या पत्र्यांच्या रेषेत येणारे. आता आपल्याकडची जुनी महिंद्राची जीप डोळ्यांपुढे आणा. बाकी सारे अंग तेच, पण बॉनेट उंच, कपाळाला टेंगूळ आल्यासारखे. हे टेंगूळ कोठून आले?

त्यासाठी 1938 पर्यंत मागे जायला हवे. अमेरिकेतल्या टोलेडो शहरी विलीज-ओव्हरलँड नावाची, स्वस्त मोटारी करणारी एक कंपनी होती आणि तिची आर्थिक स्थिती नाजूक होती. त्या वर्षी तिथे डेल्मर रूस नावाचा मुख्य अभियंता आला. लोक त्याला बार्नी म्हणत. कंपनीजवळ चार सिलिंडरचे एक जुने इंजिन होते, सुमारे 2.2 लिटरचे, 48 अश्वशक्तीचे. ते पूर्ण जोराने चालवले की दोन-चार तासांत गळाठून जाई. नवे इंजिन आखायला पैसा नव्हता. तेव्हा रूसने त्या जुन्यालाच हात घातला. सुट्या भागांची मापे अधिक काटेकोर केली, मिश्रधातू अधिक चिवट घेतले, पिस्टन ॲल्युमिनियमचे केले आणि फ्लायव्हीलचे वजन निम्म्याच्या आसपास आणले. शेवटी तेच इंजिन 4000 फेऱ्यांवर 60 अश्वशक्ती देऊ लागले आणि न थकता 150 तास चालले. पुढे त्याला 'गो डेव्हिल' हे नाव पडले.

टप्प्याटप्प्याचा पक्ष घेणाऱ्यांनी हे उदाहरण जरूर द्यावे. मात्र एक गोष्ट लक्षात ठेवावी. रूसचे हे सगळे टप्पे चाचणीच्या बाकावर पडले. अर्धवट सुधारलेले इंजिन घेऊन कोणी घाट उतरत नव्हते.

पुढे 1940 मध्ये अमेरिकन लष्कराला एक हलकी, चारही चाकांनी ओढणारी टेहळणी गाडी हवी होती. पहिला नमुना बँटम नावाच्या छोट्या कंपनीने करून दिला. विलीजनेही आपला नमुना आणला. त्यात रूसचे इंजिन होते, आणि ताकदीत त्याला तोड नव्हती. पण गाडी वजनदार झाली. लष्कराने वजनाची कमाल मर्यादा ठरवली 2160 पौंड, म्हणजे सुमारे 980 किलो, आणि विलीजची गाडी तिच्या बरीच वर होती. आता काय करावे? हलके इंजिन घालावे तर जिच्यासाठी एवढा खटाटोप केला ती ताकदच जाते. रूसने इंजिन तसेच ठेवले आणि गाडी सुटी करायला लावली. एकेक तुकडा तराजूवर चढला. लांब बोल्ट आखूड झाले. पत्र्याचा, पोलादाचा जाडपणा जिथे कमी करता येईल तिथे कमी केला. रंगाचासुद्धा एकच हात द्यायचा असे ठरले, कारण रंगालाही वजन असते! गाडी मर्यादेत बसली. पुढे विलीजने आणि तिच्याच आराखड्यावरून फोर्डने मिळून युद्धकाळात सहा लाखांहून अधिक जीपा केल्या.

मला या गोष्टीत सर्वांत आवडते ते हे की इंजिन जास्त ताकदीचे आहे, बाकीचे पाहू पुढे, असे तो म्हणाला नाही. इंजिनासाठी त्याने सबंध गाडीचा हिशोब पुन्हा मांडला, अगदी रंगाच्या डब्यापर्यंत.

युद्ध संपले. लष्कराची गाडी शेतकऱ्याच्या दारात येऊन उभी राहिली आणि तिला आणखी जोर हवा असे लोक म्हणू लागले. कंपनीने 'हरिकेन' नावाचे इंजिन काढले. खालचा ठोकळा जवळजवळ जुनाच, पण आत हवा घेणारे व्हॉल्व्ह ठोकळ्यातून काढून वर डोक्यात नेले. त्यामुळे श्वास मोकळा झाला आणि 60 ची ताकद 70 च्या वर गेली. पण व्हॉल्व्ह वर गेले म्हणजे इंजिनाची उंची वाढली. ते जुन्या बॉनेटखाली मावेना.

इथे त्या कंपनीने एकाच प्रश्नाची दोन उत्तरे दिली. लष्करासाठी तिने 1952 च्या सुमारास त्या उंच इंजिनाभोवती सबंध नवे, गोलसर अंगच आखले. साध्या गिऱ्हाइकासाठी 1953 मध्ये जुनेच अंग ठेवले आणि बॉनेट व पुढची जाळी तेवढी उंच केली. या दुसऱ्या गाडीचे नाव सी.जे. थ्री-बी. एक उत्तर 'सगळे एकदम' या पंथाचे आणि दुसरे 'आता एवढेच, बाकीचे मागाहून' या पंथाचे. रूपवती कोणती हे विचारूच नका. थ्री-बीला कोणी रूपवती म्हटल्याचे मी अजून वाचलेले नाही.

आणि आपल्याकडे आली ती हीच. महिंद्रांची कंपनी 2 ऑक्टोबर 1945 रोजी लुधियान्यात निघाली ती पोलादाच्या व्यापारासाठी. तेव्हा तिचे नाव महिंद्रा अँड महंमद असे होते. फाळणीनंतर भागीदार मलिक गुलाम महंमद पाकिस्तानात गेले, तिथे अर्थमंत्री आणि पुढे गव्हर्नर जनरल झाले, आणि 1948 मध्ये कंपनीचे नाव महिंद्रा अँड महिंद्रा झाले. मुंबईत जीपा जोडण्याचे काम 1947 मध्ये सुरू झाले होते. मागाहून उंच बॉनेटची थ्री-बी इथे घडू लागली, आणि अमेरिकेत ती 1968 मध्ये बंद पडली तरी आपल्याकडे त्या घाटाच्या गाड्या नवे शतक उजाडेपर्यंत निघत राहिल्या. जे टेंगूळ तात्पुरती सोय म्हणून आले, ते आमच्या तीन पिढ्यांना जीपचा खरा चेहरा वाटले. तलाठ्याची, डॉक्टरांची, निवडणुकीतल्या उमेदवाराची, सगळ्यांची जीप ही अशीच. त्याच काळात, 1 जून 1948 रोजी, पुणे आणि नगर यांच्या दरम्यान एस.टी.ची पहिली बस धावली होती. पण ती डांबरी रस्त्याची सोय झाली. आमच्या बालाघाटाच्या कडेच्या गाडीवाटांना जीपच लागे.

थ्री-बीची कथा वाचून मला वाटले, म्हणजे टप्प्याटप्प्याचा पक्ष बरोबर. तोडमोड करून बसवलेले इंजिन जर पन्नास वर्षे चालते, तर आमच्या पोराचे काय चुकले? पण जरा बारकाईने पाहिले तेव्हा कळले की विलीजने एकच गोष्ट बदलली खरी, पण ती बदलताना ताकद थोडीच वाढवली, वजन फारसे वाढवले नाही आणि ठोकळा जुनाच ठेवला. म्हणून जुनी चौकट, जुने पाटे आणि तीन गिअरची जुनी पेटी यांना ती वाढ सोसली. टप्पा लहान होता, म्हणून तो टप्पा म्हणून उभा राहिला.

टप्पा मोठा असला की काय होते ते पाहायचे तर नगरला जावे. (जिल्ह्याचे नाव आता अहिल्यानगर झाले आहे. ज्या अहिल्याबाईंचा जन्म आमच्याच तालुक्यातल्या चौंडीचा, त्यांचे नाव जिल्ह्याला मिळाले याचा आम्हाला आनंदच आहे. पण जिभेला अजून नगरच येते, त्याला इलाज नाही.) तिथे लष्कराचे रणगाड्यांचे संग्रहालय आहे, 1994 मध्ये सुरू झालेले. शाळेची सहल घेऊन मी तिथे दोनदा गेलो आहे. मुले तोफेच्या नळीखाली उभी राहून फोटो काढतात आणि मास्तर शेरमन रणगाड्याभोवती घुटमळतो.

शेरमन हा महायुद्धातला अमेरिकन रणगाडा. त्याला मुळात विमानाचे गोल इंजिन होते. पण विमानांनाच इंजिने कमी पडू लागली, तेव्हा रणगाड्यांसाठी जे मिळेल ते घालावे लागले. क्रायस्लर कंपनीने तर मोटारीची सहा सिलिंडरची पाच इंजिने एकत्र जुळवून तीस सिलिंडरचे एकच धूड तयार केले. कल्पना करा, पाच बैल एका जुवाला! ते धूड रणगाड्याच्या पोटात मावेना. मग रणगाड्याचे अंग अकरा इंचांनी लांबवावे लागले. अंग लांबले म्हणजे पट्टा लांबला, चाकांमधले अंतर वाढले. एका इंजिनापायी निराळ्या मापाचा रणगाडा जन्माला आला. पण त्यांनी ते सारे एका वेळी केले, म्हणून ते हजारोंनी बांधलेले रणगाडे चालले.

याच शेरमनला पुढे पन्नाशीच्या दशकात इस्रायलने फ्रेंच बनावटीची लांब तोफ बसवली. पहिल्या रणगाड्यांत इंजिन जुने पेट्रोलचेच ठेवले होते. तोफेने वजन वाढले, इंजिन दमले, अरुंद पट्टे वाळूत रुतू लागले. मग कमिन्सचे 460 अश्वशक्तीचे डिझेल इंजिन आणि रुंद पट्ट्यांची नवी बैठक अशी जोडी आली. लष्कराला हा मधला काळ परवडतो. त्यांच्याजवळ कार्यशाळा असतात आणि एक रणगाडा बंद पडला तर दुसरा असतो.

आपल्या देशातल्या मोटारींची कहाणी थोडक्यात सांगतो, कारण ती वाचकांच्या घरातलीच आहे. अँबेसडर 1957 मध्ये आली ती जुन्या धाटणीच्या 1476 सी.सी.च्या इंजिनानिशी. दोन वर्षांत 1489 सी.सी.चे नवे इंजिन आले आणि मग वीस वर्षे सारे स्वस्थ. पुढे डिझेल आले, 1992 मध्ये जपानच्या इसुझूचे 1.8 लिटरचे इंजिन पाच गिअरच्या पेटीसह आले. अंग मात्र तेच. उलटा प्रकार काँटेसाचा. 1984 मध्ये तिला ऐसपैस विलायती अंग मिळाले आणि पोटात तेच 1489 सी.सी.चे, सुमारे 50 अश्वशक्तीचे इंजिन. लग्नातल्या नवरदेवाला घोडा उंच मिळावा आणि त्याने चालू नये, तशी तिची गत झाली. इसुझूचे इंजिन मिळाले तेव्हा कुठे तिची चेष्टा थांबली. मुंबईच्या पद्मिनी टॅक्सीने इंजिन ठेवून इंधन बदलले. पेट्रोलची गॅसवर आली तेव्हा डिकीतली जागा टाकीने घेतली आणि उतारूंच्या बॅगा टपावर चढल्या. कोणताही बदल एकटा येत नाही. तो बिऱ्हाड घेऊन येतो.

आता आमच्या भागातल्या जीपांकडे येतो.

1973 च्या तेलसंकटानंतर पेट्रोल चढत गेले. ऐंशीच्या दशकात डिझेल पेट्रोलच्या निम्म्या भावाच्या आसपास मिळे. महिंद्रांनी तोपर्यंत ट्रॅक्टरचेच इंजिन जीपमध्ये घालून पाहिले होते. 1963 पासून मुंबईत इंटरनॅशनलचे बी-275 ट्रॅक्टर तयार होत, त्यांचे सुमारे 2350 सी.सी.चे डिझेल. मागाहून फ्रान्सच्या प्यूजो कंपनीचा परवाना घेऊन 2112 सी.सी.चे, जास्त चपळ डिझेल आले आणि ते इगतपुरीच्या कारखान्यात होऊ लागले. ज्यांच्याजवळ नवी गाडी घेण्याची ऐपत होती त्यांनी ती घेतली. ज्यांच्याजवळ जुनी पेट्रोलची थ्री-बी होती त्यांनी गॅरेजचा रस्ता धरला. पेट्रोलचे इंजिन काढा, भंगारातले डिझेल बसवा. आमच्या जिल्ह्यात आणि शेजारच्या बीड जिल्ह्यात अशा किती जीपा झाल्या असतील त्याची गणती नाही.

डिझेल बसवायचे म्हणजे काय, ते मिस्त्रीइतके कोणालाच ठाऊक नसते. पेट्रोलच्या त्या इंजिनात हवा सुमारे सातपट दाबली जाते. डिझेलमध्ये ती पंधरापासून बावीसपटीपर्यंत दाबावी लागते, कारण तिथे ठिणगी नसते. दाबाच्या उष्णतेनेच इंधन पेटते. एवढा दाब सोसायला ठोकळा जाड हवा, म्हणजे वजन आले. वजन पुढच्या पाट्यांवर आले. धक्के मोठे, म्हणून इंजिनाचे फाउंडेशन मजबूत हवे. ओढ खालच्या फेऱ्यांवरच जास्त, म्हणून क्लचप्लेट आणि गिअरवर ताण. सुरू करायला दाब जास्त, म्हणून बॅटरी आणि स्टार्टर मोठे. आणि शेवटी मागच्या हौसिंगचा हिशोब. थ्री-बीच्या मागच्या एका चाकफेरीला इंजिनाच्या 5.38 फेऱ्या पडत. तिच्या टायरचा घेर धरून मी गणित मांडले, तर ताशी 60 किलोमीटरला इंजिन मिनिटाला सुमारे 2400 फेरे घेते आणि 80 ला 3200 च्या आसपास. पेट्रोलला ते पेलते. शेतात दोन हजारांच्या आतबाहेर चालायची सवय असलेले ट्रॅक्टरचे इंजिन त्या वेगाला कण्हायला लागते. म्हणजे इंजिन बदलायचे तर दातेही बदलायला हवेत. या साखळीत एक कडी बदलली की पुढची आपोआप कच्ची ठरते.

मामांनी 1988 मध्ये हेच केले. त्यांना जामखेड ते पाटोदा उतारू न्यायचे होते आणि पेट्रोलमध्ये काही उरत नव्हते. पैसे नव्हते. मामींनी हातातल्या पाटल्या काढून दिल्या. त्या गहाण पडल्या आणि जुन्या गाडीतले एक डिझेल इंजिन आले. जुने पेट्रोलचे इंजिन विकायला मामांचे मन होईना. ते गोठ्यात पोत्याखाली ठेवले. मी तेव्हा नऊ वर्षांचा होतो. पहिल्यांदा जीप सौताड्याचा घाट तिसऱ्या गिअरमध्ये चढली तेव्हा मामांनी हॉर्न वाजवत वाजवत तो सबंध घाट पार केला, हे मला आजही ऐकू येते.

पहिल्या पावसाळ्यात पुढचे पाटे बसले. वरती एकेक पाटा वाढवून घेतला. रेडिएटर उकळू लागला, म्हणून पाण्याचा डबा कायमचा सोबत आला. वर्षात क्लचप्लेट दोनदा जळाली. मिस्त्री म्हणाला होता, ब्रेकचे काम करून घ्या, तुमचे ब्रेक जुन्या वजनाचे आहेत. मामा म्हणाले, ज्वारी विकली की करू. ज्वारीच्या मागे तूर, तुरीच्या मागे कांदा, असे तीन हंगाम गेले. गाडी तर चालत होती! जी गाडी चालत नाही तिच्यावर माणूस खर्च करतो. चालत्या गाडीवर खर्च करायला त्याचा हात धजत नाही.

मी वर्गात मुलांना शिकवतो की वेग दीडपट झाला तर थांबवायची शक्ती सव्वादोनपट लागते. चाळीसच्या वेगाची गाडी साठने जाऊ लागली की ब्रेकला सव्वादोनपट काम. त्यात इंजिनाचे वजन आणि, आता ओढ आहे म्हणून, आठाच्या जागी चौदा माणसे. ब्रेकचे ड्रम तेच, चारही चाकांना मिळून तेलाची एकच नळी.

1991 च्या मे महिन्यात पाटोद्याकडचे लग्न उरकून आम्ही परत येत होतो. सौताड्याच्या उतारावर, संध्याकाळी, मामांचा पाय ब्रेकवर पडला आणि पेडल तळाला जाऊन टेकले. मामांनी एकच शब्द उच्चारला, "धरा!" दुसरा गिअर कसाबसा पडला, इंजिनाने आक्रोश केला, आणि दरीच्या बाजूला न जाता त्यांनी गाडी डोंगराच्या अंगाला घातली. ती कडेवर घासत गेली आणि आडवी झाली. देवाची कृपा, कोणी दगावले नाही. माझ्या हनुवटीवर तीन टाके पडले. मामांचा उजवा गुडघा मात्र खडक आणि दाराच्या चौकटीमध्ये सापडला, आणि पुढे पंचवीस वर्षे ते काठी घेऊन चालले. दवाखान्याचे बिल भागवायला ते डिझेल इंजिन विकावे लागले. पाटल्या सुटल्याच नाहीत.

हे सगळे मी यंदा श्रावणात मामेभावाच्या मुलाला सांगितले. त्याला आजोबांचा लंगडा पाय ठाऊक होता, त्यामागचा हिशोब ठाऊक नव्हता. "म्हणजे बाबांचंच बरोबर? सगळं एकदम?" त्याने विचारले.

मला तसे वाटत नाही. सगळे एकदम म्हणणारे बहुधा कधीच काही करत नाहीत, हेही मी पाहिले आहे. त्याचे वडील वीस वर्षे तेच म्हणत आहेत आणि जीप वीस वर्षे लिंबाखाली आहे. माझे म्हणणे इतकेच की टप्पे पाडावेत, पण ते पैशाच्या सोयीने नव्हे, साखळीच्या क्रमाने. थांबवणारे आधी, पेलणारे त्यानंतर, ओढणारे शेवटी. आणि जे एकमेकांच्या जिवावर उभे आहे, ते एका टप्प्यात. इंजिन, क्लच, फाउंडेशन आणि रेडिएटर यांची ताटातूट करू नये. प्रत्येक टप्प्याअखेर गाडी जिथे असेल तिथे निर्धास्त उभी राहिली पाहिजे. मामांच्या क्रमात गाडी प्रत्येक टप्प्यावर पहिल्यापेक्षा जास्त धोक्याची होत गेली.

तो पोरगा हुशार आहे. त्याने वही काढली. मग कायद्याचा प्रश्न निघाला, तो मी विसरलो होतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 प्रमाणे कारखान्याने दिलेल्या मूळ स्वरूपात मालकाला मन मानेल तसा बदल करता येत नाही. 2019 च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयानेही ते बजावले आहे. मामांनी डिझेलची नोंद कधी केलीच नव्हती. आर.सी. बुकात अजून पेट्रोलच आहे. नोंदणीची मुदतही केव्हाच संपलेली. ती नव्याने करायची तर गाडी तपासणीला उभी करावी लागेल, आणि तपासणारा आधी ब्रेक पाहील.

"मग गोठ्यातलं ते इंजिन?" पोराने विचारले.

आम्ही दोघांनी पोती बाजूला केली. हरिकेनच ते, गंजलेले, एका बाजूने शेणाने माखलेले. ठोकळ्यावरचा नंबर घासून काढला आणि बुकातल्या नंबराशी पडताळला. जुळला. पोराचा चेहरा जरासा पडला. त्याला साठच्या पुढे पळणारे डिझेल हवे होते. पण बराच वेळ तो त्या नंबरावरून बोट फिरवत राहिला.

त्या रात्री मामी पहिल्यांदा या विषयावर बोलल्या. मला म्हणाल्या, "बाळा, तेव्हा मी पाटल्या दिल्या त्या इंजिनाला दिल्या. ब्रेकला देतेस का म्हणून विचारलं असतं, तरी दिल्या असत्या. पण ब्रेकसाठी कोणी मागत नाही रे. दिसत नाही ना ते."

मग त्यांनी ट्रंकेतून भिशीचे पैसे काढून नातवापुढे ठेवले आणि विचारले, "हे कशाला लावणार?"

"ब्रेकला, आजी," तो म्हणाला.

"नळ्या किती?"

"दोन. पुढच्या चाकांची वेगळी, मागच्यांची वेगळी करता येते का ते विचारून घेतो."

यंदाच्या दिवाळीत जीप लिंबाखालीच आहे, पण लाकडी ठोकळ्यांवर. चारही चाके काढलेली, ड्रम लेथवर गेलेले, पाटे सोडवून अंगणात ओळीने मांडलेले. गोठ्यातले इंजिन अजून गोठ्यातच आहे. त्याची पाळी पुढच्या वर्षी, ज्वारी बरी झाली तर. बॉनेटखालची पोकळी सध्या मांजरीने घेतली आहे. तिला तीन पिले झाली आहेत आणि ती मोठी होईपर्यंत बॉनेट लावायचे नाही, असा मामींचा हुकूम आहे.